आखूड पट्टी

हे लिहायला बसण्यापूर्वी मी दाराला आतून कडी लावली. घरात कोणी नाही. मुलगा कामावर आहे, नात शिकवणीला गेली आहे, सून बाजारात गेली आहे. कोणी येण्यासारखे नाही, तरीही लावली. जे सांगायचे आहे ते मी पत्नीला सांगितले नाही, मुलाला सांगितले नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवे होते तिला तर नाहीच. पत्नी आता हयात नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हांला सांगतो. अनोळखी माणसापुढे बोलणे सोपे जाते — की हाही पळपुटेपणाच? असेल.

प्रथम दाराविषयी सांगतो. दाराविषयी मला बोलता येते.

मी कोल्हापुरात एका तांत्रिक प्रशिक्षण संस्थेत फिटर विषयाचा निदेशक होतो. सगळी नोकरी त्याच शेडमध्ये झाली. येणारी मुले शिरोळकडची, गडहिंग्लजकडची, काही गावातली. कानस कशी धरावी इथपासून त्यांना शिकवावे लागे. मी कडक होतो. मुलांचा एक शब्द मी शेडमध्ये चालू दिला नाही — ‘चालतंय.’ तुकडा वाकडा झाला, तरी ‘चालतंय की सर.’ भोक सरकले, तरी ‘चालतंय की सर.’ असे कोणी म्हणाले की मी तो तुकडा त्याच्यासमोर भंगाराच्या पेटीत टाकत असे आणि पुन्हा पहिल्यापासून करायला लावत असे. मला मुले घाबरत. मला ते आवडत असे. हेही आजच लिहितो आहे.

रंकाळ्याच्या पलीकडे आमचे घर आहे. पुढचे दार आधी लाकडाचे होते. आमच्याकडचा पाऊस तुम्हांला ठाऊक असेल. जूनमध्ये दार फुगायचे आणि दिवाळीपर्यंत खांदा लावून ढकलावे लागायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी उद्यमनगरातल्या एका कारखान्यातून नव्या पद्धतीचे दार करून आणले. बाहेरून दोन्ही अंगांना फायबरचे पातळ पापुद्रे, आत फोम, कडेने लाकडी चौकट, आणि जिथे कुलूप बसवायचे नेमक्या त्या जागी आत लाकडाचा एक ठोकळा. हे दार फुगत नाही, वाळवी लागत नाही, वजनाला हलके. आमच्या कॉलनीत ते पहिलेच. येणारा प्रत्येक जण बोटाने वाजवून पाही आणि विचारी, “प्लास्टिकचं हाय काय वो, सर?”

कुलूप मी स्वतः बसवले. सुताराला हात लावू दिला नाही. दार ओढून घेतले की आपोआप लागणारे ते लॅच होते. त्याची रचना सोपी आहे. दाराच्या आतल्या अंगाला कुलपाची पेटी असते. बाहेरच्या अंगाला पितळी गोल असतो, त्यात किल्ली जाते. या दोहोंच्या मध्ये, दाराच्या जाडीतून, एक चपटी पट्टी आरपार गेलेली असते. किल्ली गोल फिरवते, गोल पट्टी फिरवतो, पट्टीचे टोक पेटीच्या खाचेत बसलेले असते ते चौकटीत अडकलेली जीभ मागे ओढते, आणि दार उघडते. दुकानातून ही पट्टी लांब येते. दाराची जाडी मोजायची आणि तेवढी कापायची. लांब राहिली तर पुन्हा कापता येते. आखूड झाली तर काही करता येत नाही. हे मी किती मुलांना फळ्यावर काढून दाखवले असेल?

मी जाडी मोजली नाही.

जुन्या लाकडी दाराला याच जातीचे कुलूप होते. तो आकडा माझ्या डोक्यात होता. फायबरच्या दाराला कुलपाच्या जागी नक्षीचा उठाव असतो, तिथे जाडी जास्त भरते, हे मला दिसत होते. दिसत असूनही मी डोक्यातल्या आकड्यावर पट्टी कापली. बसवताना लक्षात आले. टोक खाचेत जेमतेम पोहोचत होते — नखाच्या अग्राएवढे. किल्ली फिरवून पाहिली. दार उघडले. पुन्हा लावले. पुन्हा उघडले. दुसरी पट्टी आणायला मंडईकडे जायला हवे होते. मी दाराकडे पाहिले आणि मनात म्हटले — चालतंय.

इथपर्यंतच्या चुकीचा कबुलीजबाब कोणी लिहीत नाही. माप चुकते. माझ्यासारख्याचेही चुकते. मी अजून मुद्द्यावर आलेलो नाही. मला ते कळते आहे.

बाहेरच्या अंगाला मी मूठ बसवली नव्हती. फायबरला विनाकारण भोके पाडू नयेत, असा माझा विचार. त्यामुळे बाहेर पडताना घरातला प्रत्येक जण किल्ली गोलात घालून तिच्याच आधाराने दार ओढून घेई. मीही घेई. प्रत्येक ओढीबरोबर तो गोल केसभर बाहेर येणार, आणि त्याच्याबरोबर पट्टी, हे मला माहीत होते. म्हणून पावसाळ्यापूर्वी मी कुलूप उघडून मागचे स्क्रू आवळत असे. कुलपात तेल घालायचे नाही, ते धूळ धरते. पेन्सिलीचे शिसे खरवडून ती पूड घालायची, असा घरात नियम केला होता. देखभाल सगळी चोख होती. पट्टी तेवढी बदलली नाही.

आता मंगलविषयी. मंगल माझी सून. तिचे माहेर शाहूवाडीकडे, डोंगरातले. भातशेती. ती लग्न होऊन आली तेव्हा तिचे हसणे कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू जाई. पत्नी म्हणे, “हळू हस गं, रस्त्यानं जाणारं पावणं थांबतंय बघ.” त्यावर ती आणखी हसे. नव्या कुलपाच्या तीन किल्ल्या होत्या. एक माझ्याकडे, एक पत्नीकडे, तिसरी मी मंगलला दिली. मुलाची कारखान्यात पाळी असे, तो आपला घरात कोणी ना कोणी असतेच म्हणून बिनकिल्लीचा राही. किल्ली हातात घेऊन मंगल म्हणाली होती, “आमच्याकडं कुलूपच न्हाई, मामा. दाराला कडी, आन् कडीत काडी. काडी घातली की घर बंद.” तिने ती किल्ली कनवटीला लावली. झोपतानाही तिथेच असे, असे पत्नी सांगत असे.

तिला मुलगी झाली. स्नेहल. ती चालायला लागली त्या वर्षीची ही गोष्ट आहे.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा असते. लोखंड पकडायचा माझा व्हाइस, कानशी, हातोडे मी पाटावर मांडतो. विळी, कोयता, मुलाची स्कूटर — सगळ्यांना हळदीकुंकू. मंगल तबक घेऊन घरभर फिरली आणि शेवटी पुढच्या दारापाशी गेली. तिने बाहेरच्या पितळी गोलाला कुंकू लावले आणि वर तेलाचे बोट ओढले.

पत्नी हसून म्हणाली, “कुलपाला कशाला गं?”

“लोखंड हाय की, आत्या. दीस-रात घर राखतंय. त्येला नको व्हय?”

मी खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होतो. मी पाहिले. कुंकू गोलाच्या कडेला लागले होते. किल्लीच्या भोकाला नाही. ती तबक घेऊन आत गेल्यावर मी उठलो आणि ते तेल फडक्याने पुसून टाकले. भोक तपासले. कोरडे होते. हे लक्षात ठेवा. मला हे सर्व माहीत होते.

दुसऱ्या दिवशी दसरा. सायंकाळी मी आणि पत्नी दसरा चौकात सोने लुटायला गेलो होतो. मुलगा मित्रांबरोबर गेला होता. घरी मंगल आणि स्नेहल. आम्ही आपट्याची पाने घेऊन परतलो, तेव्हा मंगल दाराबाहेर उभी होती आणि किल्ली फिरवत होती. शेजारच्या संपतची आई तिला सोने द्यायला फाटकापाशी आली होती. तिच्याशी दोन शब्द बोलायला ही बाहेर पडली आणि सवयीने दार ओढून घेतले. मागच्या दाराला आतून कडी होती, पण किल्ली जवळ होती. त्यात तिचे काय चुकले? काही नाही.

“मामा, किल्ली नुसतीच फिरतीया. दार उघडंना.”

“स्नेहल?”

“झोपलीया आत. बासुंदीचं दूध आटवून आत्ताच खाली उतरून ठेवलंय, मामा.”

हे वाक्य मी ऐकले होते. ऐकले नव्हते असे म्हणणे आज सोपे होईल. विचारायला कोणी नाही. मी ऐकले होते. दूध आटवायचे मोठे पातेले आमच्याकडे ओट्यावर ठेवत नाहीत, जमिनीवर ठेवतात, हेही मला माहीत होते.

मी किल्ली हातात घेतली. एकदा फिरवली. ती मोकळी फिरली. एवढ्यानेच मला सर्व कळले. पट्टीचे टोक खाचेतून सुटले होते. त्यावर उपाय काय, तेही त्याच क्षणी कळले. पितळी गोल हाताच्या तळव्याने जोरात आत दाबायचा आणि दाबून धरूनच किल्ली फिरवायची. टोक पुन्हा खाचेत जाते. दार उघडते. त्याला हत्यार लागत नाही.

मी ते केले असते. मी तळवा उचललाही होता. मग संपतची आई हसली.

ती वाईट बाई नव्हती. हसायला तिला काहीही पुरत असे. ती म्हणाली, “आत्ता गं बया! साऱ्या जिल्ह्याला फिटिंग शिकवत्यात, आन् सरांच्याच घराचं कुलूप सरांवर रुसलं!” रस्त्यावर सोने वाटत फिरणारी आणखी दोन-चार माणसे थांबली. तीही हसली. सणाचा दिवस. कोणाच्या मनात काही नव्हते. आणि संपत फाटकातून आत आला. संपत माझा विद्यार्थी. याच संपतचा तुकडा मी एकदा सर्वांसमोर भंगारात टाकला होता.

मी किल्ली काढली, तिच्याकडे पाहिले, आणि म्हणालो, “कुंकू गेलंय आत. काल हिनं कुलपाची पूजा केली. तेल ओतलंय. बिघडणारच.”

एवढेच. यापेक्षा एक शब्द जास्त नाही. मंगलचा हात तोंडाशी गेला. पत्नीने तिच्याकडे पाहिले.

संपतने कुलपाकडे पाहिले आणि सरळ मनाने विचारले, “सर, पण तेला-कुंकवानं कुलूप अडकतंय न्हवं? हे तर मोकळं फिरतंय.”

बरोबर होते. मीच शिकवलेले होते.

“तू गप बस,” मी म्हणालो. “मला शिकवू नकोस.”

“व्हय, सर.”

“घरी पहार असंल तुझ्या. घेऊन ये जा.”

“आणतो की.” तो गेला.

आता मुद्दा आला आहे. खोटे बोललो, हा तो मुद्दा नाही. खोटे एका वाक्यात झाले. त्यानंतर मी काय केले? मी उभा राहिलो. पहार येईपर्यंत उभा राहिलो. तळव्याने दाबले असते तर दार तेव्हाच उघडले असते — आणि दार असे सहज उघडले असते तर पट्टी आखूड आहे, हे संपतला कळले असते. मग त्याने ते आईला सांगितले असते आणि ती हसली असती. एवढ्यासाठी मी थांबलो. पहारेने दाराची कड फुटली असती, कुलूप वाकले असते, आणि वाकलेल्या कुलपातली पट्टी कोण मोजतो? हा विचार मी केला. शांतपणे केला. आत मूल आहे आणि जमिनीवर दूध आहे, हे माहीत असताना केला.

मंगल खिडकीच्या जाळीला लागली होती. “मामा, बघा की वो. उठंल ती,” असे ती म्हणत होती. मी म्हणालो, “झोपलीय न्हवं? येतोय संपत.” पत्नी तिला बोलत होती, “सांगत हुते, कुलपाला कसली पूजा? तुझ्या माहेरची थेरं हितं कशाला?” काल पूजेच्या वेळी पत्नी हसली होती. तिला आता ते आठवत नव्हते.

मग आतून आवाज आला. आधी पातेले सरकल्याचा. मग स्नेहलचा.

त्या आवाजाचे मी वर्णन करणार नाही.

मी तळवा गोलावर ठेवला, दाबला, किल्ली फिरवली. दार उघडले.

संपत पहार घेऊन फाटकातच होता. कोणीतरी म्हणाले, “बघा, सरांचाच हात लागावा लागतोय.” हे वाक्य मला अजून ऐकू येते. सगळी माणसे आत धावली. मी दारापाशीच राहिलो. गोल बोटाने पुन्हा आत दाबून, साफ बसला आहे ना, ते पाहिले. होय. आधी ते पाहिले.

तिचा डावा हात मनगटापर्यंत भाजला होता. आटवलेले दूध पाण्यासारखे निथळत नाही. ते कातडीला धरून राहते. डॉक्टरांनी जे करायचे ते सर्व केले. हात वाचला. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट पुढे नीट वळली नाहीत. कातडी चकचकीत आणि ओढलेली राहिली.

दवाखान्याच्या बाकावर मी मंगलला म्हणालो, “किल्ली इकडे दे.” घरात सर्वांना आठवते की ती पत्नीने मागितली. मागितली मी. मंगलने कनवटीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. ती रडत नव्हती. तिने वर पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरातली सर्व दवाखान्यात असताना, मी कुलूप काढले. आत कुंकवाचा कण नव्हता. नवी पट्टी आणली, दाराची जाडी मोजली, कापली, बसवली. जुनी पट्टी संस्थेत नेऊन भंगाराच्या पेटीत टाकली. त्या पेटीत मुलांनी बिघडवलेले तुकडे असत. सायंकाळी मुलाने विचारले, “काय निघालं कुलपात, दादा?” मी म्हणालो, “कुंकू.” त्या वर्षी तो बायकोशी फार कमी बोलला. ते मला दिसत होते.

मंगलला पुन्हा किल्ली मिळाली नाही. मुलाने एकदा विषय काढला होता, दुसरी करून आणतो म्हणाला. तीच म्हणाली, “नको. माझ्या हातात नको.” तेव्हापासून ती बाजारातून आली आणि घरी कोणी नसले, तर पायरीवर बसून राही. संस्थेतून परतताना मला ती वळणावरूनच दिसे — भाजीची पिशवी मांडीशी, पोरीला पदराखाली घेतलेले. उन्हाळ्यात ती पायरी तापते. मी फाटक उघडले की ती उठे आणि म्हणे, “आलासा व्हय, मामा?” मी किल्ली काढून दार उघडत असे. असे किती वेळा झाले? मोजले नाही. मी पुढे निवृत्त झालो आणि घरीच असू लागलो. मग किल्लीचा प्रश्नच उरला नाही, असे सर्वांनी धरून चालवले. मीही.

खंडेनवमीला ती विळीची पूजा करते, कोयत्याची करते, माझ्या व्हाइसची करते. पुढच्या दारापाशी आली की तबकावर पदर घेते आणि वळते. तिचे हसणे कोपऱ्यापर्यंत जात नाही. कधी थांबले ते सांगता येणार नाही. शाळेत स्नेहलला कोणी हाताविषयी विचारले की ती सांगे, “आईमुळं भाजला. आईच म्हणती तसं.” हे ती माझ्यासमोर बोलली आहे. मी तेव्हा जेवत होतो. मी जेवत राहिलो.

तुम्ही विचाराल, पत्नीला तरी शेवटी सांगितले का? तिच्या आजारपणात आम्ही दोघेच खोलीत असायचो. ती एकदा म्हणाली, “मंगलला मी लय बोलले त्या दिवशी. पण चूक तिचीच, न्हवं?” मी म्हणालो, “होय.” ती तेवढे समाधान घेऊन गेली. ते समाधान खोटे होते, आणि ते मी दिले.

हे सगळे इथेच संपले असते, तर मी लिहायला बसलो नसतो.

यंदाच्या उन्हाळ्यात ते कुलूप झिजले. जीभ परत येईना. दार मात्र जसेच्या तसे आहे. एवढे पावसाळे गेले, कुठे फुगले नाही. मुलाने नवे लॅच आणले, त्याच जातीचे. माझ्या डोळ्यांना आता बारीक काम दिसत नाही आणि हात कापतो. स्नेहलची दहावीची परीक्षा झाली होती. ती म्हणाली, “मी बसवते, आबा. तुम्ही नुसतं सांगा.” मी खुर्ची दारापाशी घेतली.

तिने चांगले काम केले. पेटी ठोकळ्याच्या जागी बरोबर बसवली. स्क्रू आधी हाताने धरवून मग आवळले. पट्टी व्हाइसमध्ये धरताना तिला डाव्या हाताची ती दोन बोटे बाजूला काढावी लागली. मी तिकडे पाहिले नाही.

“आता कापू काय?”

“आधी मोज. उठावावरची जाडी धर. नुसती फळीची नको.”

तिने मोजले. मी पुन्हा मोजायला लावले. ती वैतागली. “एवढं काय त्यात, आबा? थोडी आखूड झाली तर काय हुतंय?”

“सुटते,” मी म्हणालो. “खाचेतून सुटते. किल्ली नुसतीच फिरत राहते.”

बोलून गेलो आणि थांबलो. मागे कपबशीचा आवाज झाला. मंगल चहा घेऊन आली होती. ती माझ्या खुर्चीच्या मागे उभी होती. किती वेळ, ते मला माहीत नाही.

स्नेहलने कानस फिरवत विचारले, “मग दार उघडायचं कसं?”

उत्तर मंगलने दिले. आवाज चढवून नाही, उतरवून नाही. स्वयंपाकघरातल्या एखाद्या कामाविषयी सांगावे तसे.

“दाबून फिरवायची. असा तळवा लावायचा गोलावर, आन् दाबून फिरवायची. उघडतंय दार.”

“तुला कसं गं ठाऊक?”

“बघितलंय.”

तिने चहा माझ्या शेजारच्या स्टुलावर ठेवला. “साखर कमी घातलीया, मामा,” म्हणाली.

तिने केव्हा ओळखले? त्या दसऱ्यालाच, मी तळवा दाबला तेव्हा? की पायरीवर बसून, हळूहळू? की यंदाच, स्नेहलला सांगतानाचे माझे वाक्य कानावर पडले तेव्हा? त्या दसऱ्याला ती खिडकीच्या जाळीशी होती. तिथून दार दिसते. एवढी वर्षे स्वतःच्या मुलीला ‘माझ्यामुळं’ असे सांगताना तिला ठाऊक होते का? मी विचारले नाही. मी मान वळवून तिच्याकडे पाहिलेही नाही. समोर पितळी गोल होता, त्याच्याकडे पाहत राहिलो.

स्नेहलने पट्टी बसवली. किल्ली फिरवली. दार उघडले, लागले, पुन्हा उघडले. काम नेटके झाले होते. पाकिटात तीन किल्ल्या होत्या. तिने एक मला दिली. एक बाजूला काढली, “ही पप्पांना.” तिसरी आईपुढे धरली.

मंगल हात पदराला पुसतच राहिली. “मामांकडं दे,” म्हणाली. आणि आत गेली.

पोरीने ती माझ्या पुढ्यात ठेवली. मी उचलली. आत हाक मारायची, ती बाहेर आली की तिच्या हातावर ठेवायची — एवढेच करायचे होते. बोलायचीही गरज नव्हती. मी चहा प्यालो. गार झाला होता. किल्ली टेबलाच्या खणात ठेवली.

त्याला आता काही महिने झाले. पाऊस सरला. परवा खंडेनवमी झाली. मंगल तबक घेऊन घरभर फिरली. व्हाइसला कुंकू लावले. पुढच्या दारापाशी या वेळी तिने तबकावर पदर घेतला नाही. ती थांबली, माझ्या खुर्चीकडे पाहिले आणि तशीच उभी राहिली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. मी पान उलटले. ती आत गेली.

हे मी आज लिहिले. म्हणून काही बदलले, असे नाही. कागदावर मला बोलता येते, एवढेच सिद्ध झाले.

बाहेर फाटक वाजले. पायरीवर पिशवी टेकली. ती हाक मारत नाही, कधीच मारत नाही, बसून राहते. मी उठतो आणि कडी काढतो. किल्ली खणातच आहे.